विस्तव, आग आणि वणवा

रायपूरच्या मराठी कुटुंबात चार भाषा सुखाने नांदतात. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि औषधांच्या व यंत्रांच्या वेष्टनांवर इंग्रजी. एखादे इंग्रजी सूचनापत्रक आजीबाईंना मराठीतून समजावून सांगण्याचा प्रसंग आपणांवरही आला असेल.

इंग्रजीतील ‘फायर’ हा शब्द चुलीला चालतो, जळत्या घरालाही आणि पेटलेल्या रानालाही. मराठीत मात्र चुलीत विस्तव असतो, घराला आग लागते, रानात वणवा पेटतो. ‘चुलीत आग लागली’ असे कोणी ओरडले, तर शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन धावतील! ‘बर्न’चेही तसेच. लाकूड जळते, भाकरी करपते, हात भाजतो, कढत चहाने जीभ पोळते. तेव्हा कोश उघडण्यापूर्वी जळते आहे काय, हे पाहावे.

भगिनीभाषांत फसगत अधिक. हिंदी पाठ्यपुस्तकातील ‘ताप’ म्हणजे तापमान. आजीबाईंना तो ज्वर वाटतो. छत्तीसगढीत ‘घाम’ म्हणजे ऊन! मूळ शब्द संस्कृत ‘घर्म’, अर्थात उष्णता. छत्तीसगढीने त्यातील ऊन घेतले, आपण त्या उन्हाने अंगावर फुटणारे पाणी घेतले. ‘थर्मामीटर’मधील ग्रीक ‘थर्मोस’ही याच घराण्यातला.

१९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच राज्यात होती. त्या काळी नागपुरास डॉ. रघुवीर यांनी इंग्रजी पारिभाषिक शब्दांना संस्कृतावरून प्रतिशब्द घडविण्याचे प्रचंड कार्य चालविले होते. अशा घडीव शब्दांची थट्टा पुष्कळ झाली, आणि काही शब्द थट्टेस पात्रही होते. परंतु टँकरवरील ‘इन्फ्लेमेबल’ पाहा. आरंभीच्या ‘इन’मुळे ‘न पेटणारे’ असा विपरीत अर्थ इंग्रजी जाणणारेही करीत. म्हणून पुढे ‘फ्लेमेबल’ लिहिण्याची प्रथा पडली. आपले ‘ज्वालाग्राही’ किंवा हिंदीतील ‘ज्वलनशील’ वाचून असा घोटाळा संभवत नाही.

भाजण्यावरील प्रथमोपचारात तर शब्द फारच जपून निवडावा लागतो. इंग्रजी पत्रकात भाजलेल्या जागी ‘कूल’ पाणी ओतावे असे असते. त्याचे ‘थंडगार पाणी’ केले, की रायपूरच्या मे महिन्यात कोणीही शीतपेटीतील बर्फ काढणार. आणि बर्फाने भाजलेल्या त्वचेस अधिकच इजा होते. तेथे सरळ लिहावे : ‘नळाचे वाहते पाणी, वीस मिनिटे, बर्फ लावू नये.’