दुबईतली भारतीय शाळा : शिक्षिका आई आणि तिची मुलं

दुबईतल्या सीबीएसई शाळेत नोकरी धरणाऱ्या शिक्षिकेची पहिली परीक्षा भारतातच होते. पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास असा प्रवास करतात. प्रमाणपत्राची मागची बाजू शिक्क्यांनी भरून जाते. हे काम निघण्याआधीच उरकावं. तिथून करायचं तर जिवाला घोर!

शिक्षकांच्या मुलांना बऱ्याच शाळा फीमध्ये सवलत देतात. आई-मुलं एकाच शाळेत, त्यामुळे सकाळची धावपळही एकच. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यात. 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस शाळा.

मुलांना खरी नवलाई अरबीची. खासगी शाळांतही ती नववीपर्यंत सक्तीची. वही उजवीकडून उघडते, म्हणजे मराठी वहीचं शेवटचं पान इथे पहिलं. अरबी अंकांत शून्य म्हणजे नुसतं टिंब, तर पाचाचा आकडा थेट आपल्या शून्यासारखा. हे अंक वाचण्याचा खेळ मुलं आपणहून सुरू करतात, आणि त्यात आई सहसा हरते.