पेटीतली जुळी लेकरं आणि बाहेर बसलेली आई

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या गावात एखादी बाई दिवस भरायच्या आधीच जुळ्यांची बाळंत झाली, तर लेकरांना रुग्णवाहिकेतून हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात, नवजात शिशू कक्षात न्यावं लागतं. फारच नाजूक असली तर तिथून पुढं ऐंशी-नव्वद किलोमीटरवर नांदेडला, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. हिंगोलीतही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. सोयी वाढल्या, उपचार बदलले, पण अशा वेळी घरात आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात जे बोललं जातं, ते फारसं बदललेलं नाही. बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी डोळ्यांदेखत गेलेली लेकरं पाहिलेली असतात. तरीही या समजुतींची नीट उलटतपासणी करायला हवी, कारण त्यातल्या काही जिवावर बेततात. सगळ्यात महागात पडणारी समजूत अशी, की लेकरं आत गेली म्हणजे आईचं काम संपलं, आता पुढचं यंत्रं बघतील.

“सातव्याचं जगतं, आठव्याचं हाती लागत नाही”

ही समजूत फक्त मराठवाड्याची नाही. प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत आठ महिन्यांच्या गर्भावर स्वतंत्र ग्रंथ आहे आणि त्यातही आठव्या महिन्याचं मूल जगत नाही असंच म्हटलं आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा, असं सांगितलं आहे. श्वासाला आधार देणारं कोणतंही साधन नव्हतं तेव्हाची ही निरीक्षणं आहेत.

वस्तुस्थिती सरळ आहे: पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा लेकराच्या फायद्याचा असतो. अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळापेक्षा बत्तीसचं, आणि बत्तीसपेक्षा चौतीसचं बाळ जगण्याची शक्यता जास्त. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून आत एक स्निग्ध पदार्थ तयार होत असतो. तो पुरेसा व्हायला साधारण चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. सातव्या महिन्यात तो आठव्यापेक्षा कमीच असणार, जास्त कसा असेल? मग “सातव्याचं जगलं” अशा गोष्टी कुठून येतात? एक तर महिने मोजण्यात घोळ होतो. पाळी चुकल्यापासून मोजलं आणि शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं, तर सहज महिन्याचा फरक पडतो. दुसरं म्हणजे जगलेलं सातव्याचं लेकरू गावात फिरताना दिसतं, गेलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही.

या समजुतीचा खरा तोटा निर्णयाच्या घडीला होतो. “आठवा लागलाय, आता काय उपयोग” म्हणून गाडी बोलवायला उशीर केला जातो. खरं तर चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देऊन पोटातल्या लेकराची फुप्फुसं लवकर तयार करता येतात. बारा-बारा तासांच्या अंतरानं चार इंजेक्शनं असतात. पुढच्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन सिस्टरनं द्यावं, अशी केंद्र सरकारची २०१४ पासूनची मार्गदर्शक सूचना आहे. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये या उपचाराचा फायदा प्रथम दाखवून दिला. कळा आल्या की वाट न पाहता निघणं म्हणजे या इंजेक्शनाला काम करायला वेळ मिळवून देणं.

“आईच्याच हातून काहीतरी घडलं असणार”

जुळी केळी खाल्ली, ग्रहणात बाहेर पडली, जड उचललं. बाळंतिणीला हे ऐकवणं थांबवा. जगभरात जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. दोन लेकरांनी गर्भाशय ताणलं जातं, आईचा रक्तदाब वाढतो, कधी जंतुसंसर्ग होतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली. त्यातली सुमारे ३० लाख भारतातली. एवढ्या बायांनी मिळून काही चूक केलेली नाही. अपुरा आहार, रक्त कमी असणं, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नसणं, दिवस भरत आलेले असताना ऊसतोडीची किंवा शेतातली कामं, यांनी धोका वाढतो हे खरं आहे. पण ती गोष्ट सगळ्या घराची आणि सरकारची आहे, एकट्या आईची नाही.

“पेटीत घातलेलं लेकरू परत येत नाही”

या भीतीला कारणं आहेत आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात होते. मराठवाड्यातल्या आई-बापांच्या मनात हे आहे आणि यंत्रणेला जाब विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण त्यावरून लेकराला घरी घेऊन जाणं हा उपाय ठरत नाही. आत जाणारी लेकरं मुळातच सगळ्यात अशक्त असतात, म्हणून तिथं मृत्यू दिसतात. ती घरी राहिली असती तर वाचली असती असं नव्हे.

आत नेमकं काय चालतं ते माहीत असलं की भीती थोडी कमी होते. बहुतेक वेळा ती बंद पेटी नसतेच. वरून ऊब देणारा, उघडा वॉर्मर असतो. नाकात बसवलेल्या बारीक नळ्यांतून हवेचा दाब देतात, म्हणजे फुप्फुसं मिटत नाहीत. यंत्र सारखं वाजतं, कारण कमी दिवसांचं लेकरू मधेच श्वास घ्यायचं विसरतं. सिस्टर येऊन तळपायाला हळूच चोळते आणि श्वास पुन्हा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात वजन घटतं. दहा टक्के, फार कमी दिवसांच्या लेकरांत पंधरा टक्क्यांपर्यंतही. “आत उपाशी ठेवतात” असा अर्थ त्यातून काढू नका. शरीरातलं जादा पाणी निघून जात असतं, आणि दहा-पंधरा दिवसांत ते वजन भरून निघतं. कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात. त्यानं लेकरू काळं पडत नाही, आणि कोवळं ऊन ही त्याची बदली नव्हे.

पैशाची धास्तीही असते. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. २०१४ पासून ही सवलत वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली आहे.

“आईनं आत जायचं नाही, हात लावायचा नाही”

इथं मी थोडं जास्त लिहिणार आहे. १९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या सरकारी प्रसूतिगृहात एकाच इन्क्युबेटरमध्ये अनेक बाळं ठेवावी लागत होती. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होत होता. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी आयांना सांगितलं, लेकराला उघड्या छातीशी बांधून ठेवा. सोय नाही म्हणून केलेली ही गोष्ट सोयीपेक्षा सरस निघाली. पुढं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत एक ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर एक अभ्यास झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. प्रश्न असा होता, की लेकरू स्थिर होईपर्यंत वॉर्मरमध्ये ठेवायचं, का जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी? लगेच आईजवळ दिलेल्या बाळांत महिन्याभरातले मृत्यू १२ टक्के, उशिरा दिलेल्यांत १५.७ टक्के. म्हणजे मृत्यू पावपट कमी. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास ठरल्याआधीच थांबवावा लागला. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, की लेकरू स्वतःहून श्वास घेत असेल आणि अत्यवस्थ नसेल, तर जन्मल्याबरोबर सुरुवात करा, दिवसाचे आठ ते चोवीस तास.

करायचं कसं? पुढून उघडणारा गाऊन किंवा सैल पोलकं. लेकराच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. त्याला उभं, दोन्ही स्तनांच्या मधे ठेवायचं, मान एका कुशीला, नाक मोकळं, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून सुती कापड असं बांधायचं की त्याची वरची कड कानाखाली येईल. पाठ मागं टेकवून बसायचं, पूर्ण आडवं व्हायचं नाही. एका वेळी निदान तासभर तरी, कारण सारखी उचल-ठेव केली की लेकरू दमतं. जुळी असली तर दोघांना एकदम ठेवता येतं, एक उजवीकडं, एक डावीकडं. आई शस्त्रक्रियेनं बाळंत झालेली आणि अजून दुखण्यात असेल, तर एकाला बापानं घ्यावं. आजी घेऊ शकते, मावशी घेऊ शकते. छातीवर लेकरू घेतलेल्या बापाला पाहून हसणारे लोक अजून भेटतात. त्यांच्याकडं लक्ष देऊ नये.

घरच्यांनी हात धुऊन, गाऊन घालून कक्षात यावं, लेकराच्या सेवेत भाग घ्यावा, यासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१७ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा दारावर कुणी “बाहेर थांबा” म्हटलं, तर “छातीशी कधी घेता येईल?” हे डॉक्टरांना रोज विचारा. ते विचारणं म्हणजे हुज्जत घालणं नव्हे.

“ओली बाळंतीण, तिला दूध कुठलं, आणि दोघांना पुरणार कसं?”

पहिल्या दिवशी येणारा चीक चमचाभरही भरत नाही आणि घरातल्या बायका हताश होतात. पण दीड किलोच्या लेकराला पहिल्या दिवशी एका वेळी लागतं ते थोडंसंच, काही मिलिलिटर. चौतीस आठवड्यांच्या आत ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसत नाही, म्हणून पोटात जाणाऱ्या बारीक नळीतून दूध देतात. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरली, की दूध आपोआप खाली उतरतं. हे दूध आईचंच हवं. कमी दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधात प्रथिनं जास्त असतात. आतडी सडण्याचा जो भयंकर आजार अशा लेकरांना होतो, त्याचा धोका आईच्या दुधानं कमी होतो, वरच्या दुधानं वाढतो.

दूध यायला मागणी लागते. लेकरं ओढत नाहीत, म्हणून हातानं पिळायचं. बाळंतपणानंतर जमेल तितक्या लवकर सुरुवात, मग दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी, रात्री चुकवायचं नाही. काळसर भागाच्या थोडं मागं अंगठा आणि बोटं ठेवून आधी छातीकडं दाबायचं, मग एकमेकांकडं. स्तनाग्र ओढायचं नाही. खाली उकळलेली स्टीलची वाटी. जास्त काढलं की जास्त येतं, म्हणून जुळ्यांच्या बहुतेक आयांना दोघांपुरतं दूध येऊ शकतं. या काळात तिला भरपेट जेवण, झोप आणि शेजारी बसणारं कुणीतरी हवं. पथ्याच्या नावाखाली तिला निम्मं जेवू घालणं दोन्ही लेकरांच्या तोंडचं काढण्यासारखं आहे. एवढं करूनही दूध कमी पडलं तर दूधपेढी हा पर्याय असतो. आशियातली पहिली दूधपेढी महाराष्ट्रातच, मुंबईच्या शीव रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

नळी निघाल्यावरही बाटली नको. वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं चांगलं, फक्त दर वेळी उकळलेलं असावं.

एक गोष्ट कडू आहे, पण सांगायला हवी. एक मुलगा, एक मुलगी असं जुळं असलं, तर धावपळ कुणासाठी जास्त होते? देशभरातल्या अशा कक्षांत दाखल होणाऱ्यांत मुलगे ठळकपणे जास्त असतात. कमी दिवसांचे मुलगे मुलींपेक्षा नाजूक असतात हे खरं, पण सगळा फरक त्यानं भरून निघत नाही. मुलगी “धट्टीकट्टी” दिसते म्हणून तिला आधी वरचं दूध सुरू करू नका.

घरी आल्यावर

दोघांना एकाच दिवशी सुट्टी मिळेल असं नाही. एक घरी, एक आत, असं झालं तर त्यात अपशकुन नाही, फक्त वजनातला आणि श्वासातला फरक आहे. घरी शेगडीची धुरी, ओव्याचा धूर, नाकाकानांत तेल, काजळ, मध, घुटी हे सगळं बंद. धूर त्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि मधातून विषारी जंतू पोटात जाऊ शकतात. आंघोळीची घाई नको. वजन दोन किलो होईपर्यंत कोमट फडक्यानं पुसलेलं पुरे. छातीशी धरणं मात्र घरीही चालू ठेवा.

आशाताई घरी येतील तेव्हा त्यांना लेकरू उघडून पाहू द्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत, गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. आज देशभर आशाताई ज्या भेटी देतात त्यांचं मूळ तिथं आहे. दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, श्वास जोरात किंवा छाती आत ओढून चालला, लेकरू मलूल पडलं, तर सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८.

लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, पण रांगणं-बसणं मात्र बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. आठ आठवडे आधी आलेलं लेकरू सहा महिन्यांचं झालं, तरी वाढीच्या हिशोबानं ते चार महिन्यांचं असतं. शेजारच्या बाळाशी तुलना करून जीव टांगणीला लावू नये.

आणि डोळे. “ऑक्सिजन लावला म्हणून आंधळं होतं” असं म्हणून ऑक्सिजन काढायला लावणारे लोक असतात. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या लेकरांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात. त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटू शकतो. बेताबाहेर ऑक्सिजननं धोका वाढतो, म्हणून तो मोजून देतात. न देण्यानं जीव जातो. लेकरू डोळे उघडून टुकुटुकु बघत असतं, म्हणून आई-बापांना शंकाच येत नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या किंवा बाराशे ग्रॅमच्या आतल्या लेकरांची दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत सापडलं तर लेसरनं दृष्टी वाचते, वेळ गेली तर नाही. सुट्टीच्या कागदावर दोघांच्याही नावापुढं डोळे तपासायची तारीख लिहिली आहे का ते पाहा. नसेल तर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.