कामाचा ताण आणि हृदयाचे स्वास्थ्य

हुद्दा जितका मोठा तितकी काळजी अधिक आणि म्हणून हृदयविकाराचा धोकाही अधिक, अशी एक समजूत समाजात रूढ आहे. ब्रिटनमधील शासकीय सेवकांच्या दीर्घकालीन पाहणीने मात्र वेगळेच चित्र पुढे आणले.

सन १९६७ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल परिसरातील कचेऱ्यांत काम करणाऱ्या सतरा हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी सुरू झाली. पुढील साडेसात वर्षांत सर्वोच्च श्रेणीच्या तुलनेत शिपायादी सर्वांत खालच्या श्रेणीतील सेवकांचे हृदयविकाराने मृत्यू पावण्याचे प्रमाण साडेतीन पटींहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब आदी कारणे जमेस धरूनही या तफावतीचा पुरता उलगडा होईना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष सेवकांचा समावेश होता. तीत एक महत्त्वाची बाब स्पष्ट झाली : काम कसे व केव्हा करावे याविषयी ज्यांना काहीच मुभा नसते, त्यांच्या हृदयास धोका अधिक असतो.

याचे मर्म मज्जासंस्थेच्या कार्यात आहे. वरिष्ठांचा कठोर शब्द, मुदत संपत आलेले काम किंवा खिडकीपुढे खोळंबलेली रांग यांस मेंदू संकटाची सूचना मानतो. अनुकंपी मज्जासंस्था तत्काळ जागृत होते, अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद चालते आणि रक्तदाब चढतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तातील साखर वाढविते. ही सारी सिद्धता लढण्यासाठी वा पळण्यासाठी असते. परंतु कचेरीत मनुष्य लढूही शकत नाही व पळूही शकत नाही. संकट टळल्यावर शरीरास शांत करणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेला मग पुरेसा अवसर मिळत नाही. ही स्थिती वर्षानुवर्षे राहिल्यास रक्तदाब कायमचा वाढू शकतो आणि रोहिण्यांच्या अस्तरास इजा पोहोचते. झोप उडते, तंबाखू व विडी-सिगारेट जवळची वाटू लागते आणि हानीत भर पडते.

कामाचे तासही महत्त्वाचे आहेत. आठवड्यास ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला.

नियमित चालणे, पुरेशी झोप, तंबाखूचा त्याग आणि वेळोवेळी रक्तदाबाची तपासणी हे उपाय प्रत्येकाच्या हाती आहेत. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम किंवा धाप जाणवल्यास ती पित्ताची तक्रार समजून वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्वरित रुग्णालय गाठावे.

तथापि सारा भार कर्मचाऱ्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. कामाची स्पष्ट वाटणी, कामाचा क्रम ठरविण्याची थोडी मोकळीक, हक्काची रजा वेळेवर मंजूर होणे आणि चांगल्या कामाची दखल या गोष्टी कार्यालयप्रमुखाच्या अखत्यारीत येतात. त्यांसाठी फारसा खर्च लागत नाही. हाताखालच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते.