तळघरातलं वाचनालय

दाराया हे सीरियाची राजधानी दमास्कसच्या नैर्ऋत्येचं उपनगर, मेझ्झे लष्करी विमानतळाला लागून असलेलं. द्राक्षं आणि लाकडी फर्निचर ही त्याची जुनी ओळख. नोव्हेंबर २०१२ मध्ये, यादवी युद्धात, तेव्हाचे अध्यक्ष असद यांच्या फौजांनी त्याला वेढा घातला. बहुतेक लोक निघून गेले, आणि मागे राहिलेल्या काही हजारांवर बॅरल बॉम्ब पडत राहिले. बॅरल बॉम्ब म्हणजे स्फोटकं आणि लोखंडाचे तुकडे ठासलेलं पिंप. हेलिकॉप्टरमधून ढकलून द्यायचं. नेम धरायची गरजच नाही.

२०१३ च्या अखेरीस काही पोरांनी पडक्या घरांतून पुस्तकं उपसायला सुरुवात केली. बरेचसे विशीतले, युद्धापायी कॉलेज सुटलेले. एका इमारतीच्या तळघरात त्यांनी फळ्या ठोकल्या, बाहेर वाळूची पोती रचली. पत्ता मात्र गुप्त ठेवला; तो फुटता तर बॉम्ब ठरलेलाच. जमता जमता पुस्तकं चौदा हजारांच्या घरात गेली. शेजारी राहणारा चौदा वर्षांचा एक मुलगा रोज येऊन बसायचा, त्यालाच उपग्रंथपाल करून टाकलं.

रुग्णालयात मदत करणारे इथली वैद्यकाची पुस्तकं चाळून उपचार ठरवत, शिकवण्याचा अनुभव नसलेले मास्तर धड्यांची तयारी करत. पाउलो कोएल्योच्या ‘अल्केमिस्ट’ला मोठी मागणी. असद यांच्या फौजांशी लढणारे बंडखोरही पुस्तकं आघाडीवर नेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची नोंद. पुस्तक कोणाच्या घरातून आणलं, त्याचं नाव आत लिहायचं, म्हणजे युद्ध संपल्यावर परत देता येईल. घर कोसळलेलं, मालक परागंदा, आपल्या पोटात पातळ सूप. तरी पुस्तक त्याचंच! हे वळण दारायात जुनं होतं. २०११ च्या सरकारविरोधी निदर्शनांत सैनिकांना गुलाब आणि पाणी देणारा गियाथ मतर याच गावचा. त्याला ‘छोटा गांधी’ म्हणत. त्याच वर्षी सप्टेंबरात तो सरकारी कोठडीत मारला गेला.

ऑगस्ट २०१६ मध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यात दाराया रिकामं करण्याचा करार झाला, उरलेली माणसं बसमध्ये बसवून बाहेर काढली गेली. त्यातले बरेच इदलिबला गेले. वाचनालय सरकारी सैनिकांच्या हाती लागलं आणि पुस्तकं दमास्कसच्या बाजारात स्वस्तात विकली गेली. दारायात दहशतवादी आहेत, असं तेव्हा सांगत होतं ते असद यांचंच सरकार.