संगणक साफ करा, पण हिशेब जपून!

गेल्या महिन्यात आम्ही गांधीबागेतील एका घाऊक कापड दुकानात बसलो होतो. जीएसटीचे विवरणपत्र भरायला दोन दिवस उरलेले आणि टॅली उघडताच कंपनीचे नावच गायब! मालकांचा चेहरा उतरला. चौकशी केली तेव्हा कळले की, संगणक मंद चालतो म्हणून दुकानातील पोराने आदल्या रात्री टॅलीच्या फोल्डरमधील ‘बिनकामाच्या’ फाइली पुसून टाकल्या होत्या.

त्यात ‘टॅली.आयएनआय’ ही फाइलही गेली. आकाराने ती चिठ्ठीएवढी, पण हिशेब कोठे ठेवला आहे याचा पत्ता तिच्यातच असतो. सुदैवाने हिशेब डी ड्राइव्हवर शाबूत होता. पत्ता पुन्हा देताच कंपनी दिसू लागली.

व्यापारी बंधूंनी यावरून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट कचऱ्याची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असे गेल्यास तात्पुरत्या फाइली काढता येतात. मात्र तेथे ‘डाउनलोड्स’समोर खूण करू नये. उतरवून घेतलेली बिले बहुधा त्यातच असतात. टॅलीत बाहेरून नोंदी आणल्या की ‘टॅली.आयएमपी’ ही फाइल फुगत जाते. टॅली बंद करून ती काढली तरी बिघडत नाही, नवी आपोआप तयार होते.

दुसरी गोष्ट सेटिंग्जच्या फाइलींची. त्यांना हात लावण्यापूर्वी त्यांची आणि हिशेबाचीही नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. हिशेबात केलेल्या फेरफारांची नोंद, म्हणजे ‘एडिट लॉग’, हा कचरा नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशी नोंद ठेवणारे आणि ती बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरावे लागते. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके ८ वर्षे ठेवायची असतात. एकट्या मालकाच्या दुकानाला हा कायदा लागू नाही. तरीही जीएसटी नोंदणी असल्यास, त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळावाच लागतो.

पूर्वीचे मुनीम कीर्दीचे पान कधी फाडत नसत. चूक झाली तर रेघ मारून पुढे लिहीत. संगणक आला तरी ही रीत सोडू नये, एवढेच आमचे सांगणे.