संसदेची वित्तविषयक स्थायी समिती

वित्तविषयक स्थायी समिती ही भारतीय संसदेच्या विभागसंबद्ध स्थायी समित्यांपैकी एक समिती आहे. वित्त मंत्रालय, कंपनी व्यवहार मंत्रालय, सांख्यिकी मंत्रालय आणि नीती आयोग यांचा कारभार तिच्या कक्षेत येतो. तिच्याकडे सोपविलेल्या करविषयक विधेयकांची छाननी करणे हे तिचे एक महत्त्वाचे काम होय. तिच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. तथापि करकायद्यांच्या रचनेवर त्यांचा प्रभाव वेळोवेळी पडलेला आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही किंवा वसूल करता येत नाही. कर ठरविण्याचा अंतिम अधिकार त्यामुळे संसदेकडे असतो. मात्र शेकडो कलमांच्या विधेयकाची बारकाईने तपासणी करणे भरसभागृहात शक्य नसते. या अडचणीवर उपाय म्हणून एप्रिल १९९३ मध्ये १७ विभागसंबद्ध स्थायी समित्या स्थापन झाल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ करण्यात आली.

रचना व कार्यपद्धती

समितीत ३१ सदस्य असतात. २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे. त्यांची नियुक्ती अनुक्रमे लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती करतात. समितीची मुदत एक वर्षाची असून मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. धनविधेयकाच्या बाबतीत राज्यसभेला केवळ शिफारशी करण्याचा अधिकार आहे व त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. स्थायी समितीत मात्र राज्यसभेचे सदस्य लोकसभेच्या सदस्यांच्या बरोबरीने प्रश्न विचारू शकतात.

समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. महसूल विभागाचे अधिकारी, व्यापारी संघटना, सनदी लेखापाल व इतर तज्ज्ञ यांची मते ऐकून अहवाल तयार केला जातो. असहमत सदस्यांना भिन्नमतपत्रिका जोडता येते. शिफारशींवर केलेल्या कार्यवाहीचे उत्तर शासनाने तीन महिन्यांत देणे अपेक्षित असते.

प्रत्यक्ष कर संहिता

१९६१ च्या आयकर अधिनियमाची जागा घेण्यासाठी ऑगस्ट २०१० मध्ये प्रत्यक्ष कर संहिता विधेयक मांडण्यात आले. ते समितीकडे सोपविले गेले, तेव्हा माजी अर्थमंत्री यशवंत सिन्हा अध्यक्ष होते. मार्च २०१२ मधील अहवालात समितीने करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये करावी, असे सुचविले; विधेयकात ती २ लाख रुपये होती. करटाळणी प्रतिबंधक सर्वसाधारण नियमांबाबत शाबितीचा भार करदात्यावर न टाकता कर खात्यावर असावा, अशीही समितीची भूमिका होती.

पंधराव्या लोकसभेची मुदत संपताच २०१४ मध्ये हे विधेयक व्यपगत झाले. समितीचे काम मात्र वाया गेले नाही. याच स्वरूपाचे नियम २०१२ च्या अर्थविधेयकातही होते. मे २०१२ मध्ये अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी समितीच्या शिफारशींचा आधार घेऊन शाबितीचा भार करदात्यावरून काढला आणि नियमांची अंमलबजावणी पुढे ढकलली.

वस्तू व सेवा कर

वस्तू व सेवा करासाठी २०११ मध्ये मांडलेले ११५ वे घटनादुरुस्ती विधेयकही याच समितीने तपासले. २०१३ च्या अहवालात तिने प्रस्तावित तंटा निवारण प्राधिकरण वगळावे आणि परिषदेतील निर्णय एकमताऐवजी मतदानाने व्हावेत, असे सुचविले. एकमताच्या अटीमुळे एका राज्याच्या विरोधानेही निर्णय अडू शकला असता. हे विधेयक व्यपगत झाले. परंतु डिसेंबर २०१४ मध्ये मांडलेल्या नव्या विधेयकात मतदानाची पद्धत आली. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, तर सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते.

या नव्या विधेयकाची तपासणी २०१५ मध्ये राज्यसभेच्या प्रवर समितीने केली. राज्यांना पाच वर्षांपर्यंत भरपाई ‘देता येईल’ या मोघम तरतुदीऐवजी पूर्ण पाच वर्षांची हमी असावी, असे तिने सुचविले. महाराष्ट्रासारख्या उत्पादक राज्यांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा होता. कारण नवा कर वस्तू जेथे वापरली जाते त्या राज्याकडे जातो. १ जुलै २०१७ पासून हा कर लागू झाला आणि त्याच दिवशी मुंबईतील जकातही संपुष्टात आली.

आयकर अधिनियम, २०२५

एखाद्या विधेयकासाठी स्थायी समितीऐवजी स्वतंत्र प्रवर समितीही नेमता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेले आयकर विधेयक बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील लोकसभेच्या ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले. विवरणपत्र मुदतीत न भरणाऱ्याला परतावा नाकारणारी तरतूद काढावी, अशी समितीची एक शिफारस होती. कर मुळातच जास्त कापला गेलेल्या लहान करदात्याचे, केवळ उशीर झाल्यामुळे, हक्काचे पैसे बुडाले असते. शासनाने मूळ विधेयक मागे घेऊन ऑगस्टमध्ये सुधारित विधेयक मांडले. त्यात ही तरतूद नव्हती.

मर्यादा

कराचे दर दरवर्षी ज्या अर्थविधेयकाने बदलतात, ते सर्वसाधारणपणे समितीकडे पाठविले जात नाही. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. या अल्प काळात सविस्तर छाननीला वाव राहत नाही. समिती या काळात मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते. त्यामुळे कराची चौकट ठरविणाऱ्या मोठ्या कायद्यांवर समितीचा प्रभाव दिसतो, तर वार्षिक दरांवर तो अप्रत्यक्षच राहतो. शिवाय कोणते विधेयक समितीकडे पाठवावे, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे ठरते. प्रत्येक विधेयकाची समितीमार्फत तपासणी झालीच पाहिजे असा नियम नाही.