दिव्याची कार्यक्षमता पानावर मोजा

घरातल्या झाडांसाठी विकल्या जाणाऱ्या दिव्यांच्या खोक्यावर वॅट ठळक छापलेले असतात, शेजारी लुमेन, आणि बहुतेक वेळा ‘इतक्या वॅटच्या तोडीचा’ असा एखादा दावा. यांतल्या एकाही आकड्यावरून झाडाला काय मिळणार ते कळत नाही. वॅटवरून दिवा किती वीज खातो एवढंच समजतं. लुमेन हे तर माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने ठरवलेलं माप आहे. आपल्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पोपटी प्रकाश सर्वांत उजळ दिसतो, म्हणून लुमेनमध्ये त्याला पूर्ण वजन मिळतं आणि गडद लाल किंवा निळ्या प्रकाशाला अगदी थोडं. पानाचा हिशोब वेगळा असतो. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, किती आले यावर त्याचं प्रकाशसंश्लेषण चालतं. त्यामुळे झाडांच्या दिव्याची कार्यक्षमता मोजायची ती एका ज्यूल विजेत किती मायक्रोमोल फोटॉन मिळाले, अशी. (एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे साठ कोटी अब्ज फोटॉन.) आणि तेवढ्यावरही थांबून चालत नाही. दिव्यातून निघालेल्यांपैकी किती फोटॉन पानापर्यंत पोचले, हे पाहिल्याशिवाय दोन दिव्यांची तुलना पुरी होत नाही.

आधी दिव्यांपुरतं बोलू. जुना पिवळा बल्ब एका ज्यूलमागे जेमतेम ०.३ मायक्रोमोल देतो, बाकी सगळी उष्णता. सीएफएल आणि चोकवाली जुनी ट्यूबलाइट पाऊण ते एकच्या घरात येतात. रस्त्यावर दिसणाऱ्या पिवळ्या सोडियम दिव्यांचे मोठे भाऊबंद युरोप-अमेरिकेतल्या हरितगृहांनी अनेक दशकं वापरले. २०१४ साली युटा राज्य विद्यापीठातल्या नेल्सन आणि बगबी यांनी बाजारातले दिवे शेजारी शेजारी मोजले, तेव्हा सर्वोत्तम सोडियम दिवा आणि सर्वोत्तम एलईडी दोघेही १.७च्या आसपास निघाले. एलईडीची किंमत मात्र कितीतरी जास्त होती, म्हणून त्या वेळी सोडियम दिवाच परवडायचा. त्यानंतर सोडियम दिवा तिथेच राहिला आणि एलईडी पुढे निघून गेला. आज चांगल्या प्रतीचे बागायती एलईडी २.५ ते ३च्या पुढे आहेत. यालाही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. ६६० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनमध्ये ऊर्जा कमी असल्याने एका ज्यूलमधून जास्तीत जास्त साडेपाच मायक्रोमोल निघू शकतात, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचे पावणेचारच.

लाल फोटॉन स्वस्त पडतो, यावरूनच जांभळ्या दिव्यांची कथा सुरू झाली. पान हिरवं दिसतं म्हणजे ते हिरवा प्रकाश टाकून देतं, मग लाल-निळाच द्यावा, असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. कीथ मॅक्री यांनी १९७२ साली अनेक पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा परिणाम मोजला, त्यात हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलंच चालतं असं दिसलं. पान हिरव्यातला थोडाच भाग परत फेकतं. उरलेला भाग पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचतो, जिथे लाल-निळा फारसा पोचतच नाही. उत्तम प्रतीच्या लाल एलईडीचा दिवा पांढऱ्यापेक्षा कार्यक्षम असतो, हे मान्यच आहे. पण कागदी दावे करणाऱ्या स्वस्त जांभळ्या दिव्यात ती प्रत असेल याची खात्री काय? शिवाय त्या उजेडात पानाचा पिवळेपणा किंवा कीड डोळ्याला दिसत नाही. खोक्यावर मायक्रोमोल प्रति ज्यूल छापलेलं नसेल, तर साधा पांढरा एलईडी घेतलेला बरा.

घरोघरी असणाऱ्या ९ वॅटच्या पांढऱ्या बल्बचाच हिशोब करून पाहावा. त्याचा उजेड साधारण ९०० लुमेन. पांढऱ्या एलईडीच्या सुमारे ७० लुमेनमागे एक मायक्रोमोल धरला, तर सेकंदाला १३ मायक्रोमोल मिळतात, म्हणजे ज्यूलमागे १.४. जुन्या ट्यूबलाइटपेक्षा हे चांगलंच म्हणायचं. आता हा बल्ब छताला लावला, तर त्याचा उजेड भिंती, फरशी आणि पलंगावर पसरेल, कुंडीच्या वाट्याला कणभर येईल. तोच बल्ब टोपी घालून कुंड्यांवर वीतभर अंतरावर टांगला आणि निम्मे फोटॉन जरी हातभर लांब, वीतभर रुंद जागेत पडले, तर बारा तासांत त्या जागेला चौरस मीटरमागे पावणेतीन मोलांच्या आसपास प्रकाश मिळतो. मनी प्लांट किंवा स्नेक प्लांटला तेवढा पुरतो. खर्च महिन्याला सव्वातीन युनिट. ३ मायक्रोमोलचा महागडा दिवा छताजवळ लावून हे साधणार नाही.

हिवाळी देशांतले बागायतदार यावर एक रास्त मुद्दा मांडतात: सोडियम दिव्याची उष्णता तिथे वाया जात नाही, ती हरितगृह तापवते. नेदरलँड्समध्ये हा हिशोब खरा आहे, तरीही २०२२च्या हिवाळ्यात वीज महागल्यावर तिथल्या अनेक हरितगृहांनी दिवे कमी केले. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये मात्र दिव्याची उष्णता निव्वळ नुकसान आहे, आणि एसी चालू असेल तर ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्याकडे ऊन एवढं भरपूर, उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी चौरस मीटरला चाळीस मोलांच्या वर, मग दिवा हवाच कशाला? खिडकी पूर्वेला किंवा दक्षिणेला मोकळी असेल, तर खरंच नको. पण डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीशी किंवा खोलीच्या आतल्या कोपऱ्यात त्या उन्हाचा अगदी छोटा अंश पोचतो, तिथे दिव्याला पर्याय नाही.

पालेभाजीच्या बाबतीत मात्र हे गणित बिघडतं. लेट्यूससारख्या पाल्याला चौरस मीटरमागे रोज निदान बारा मोल लागतात. एकही फोटॉन वाया गेला नाही असं धरलं, तरी २.५च्या दिव्याला त्यासाठी महिन्याला चाळीस युनिट लागतात, साध्या पांढऱ्या बल्बांना सत्तरेक, आणि जुन्या पिवळ्या बल्बांना तीनशेच्या वर. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यागणिक चढतो, त्यामुळे हे वाढीव युनिट बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसतात. कोथिंबीर-मेथीची कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवावी आणि दिवा आतल्या झाडांपुरता राखावा, तोही टायमर लावून, कुंड्यांच्या डोक्यावर वीतभर.